गाठीतले गळके नळ

‘औषध चालू आहे ना? मग गाठ हलत कशी नाही?’

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी काही वर्षांपूर्वी मला जिन्यात अडवून हा प्रश्न विचारला होता. काकांना स्वादुपिंडाचा कॅन्सर. केमोथेरपीचे डोस सुरू होते. केस गेले, तोंडाची चव गेली, वजन गेलं. गाठ तेवढी जागच्या जागी. मी डॉक्टर नाही, पण विज्ञानावर चार ओळी लिहितो म्हणून शेजारपाजारचे मला अर्धा डॉक्टर समजतात. मी काहीतरी गुळमुळीत बोलून वर निघून आलो.

काकूंच्या घरात तेव्हा तीन तट पडले होते. मुलगा म्हणायचा, औषध हलकं आहे, दुसऱ्या हॉस्पिटलात न्या. काकांचे थोरले भाऊ नशिबाला बोल लावायचे. काकूंना वाटायचं, आपल्याच पथ्यात काहीतरी चुकतंय. चौथी शक्यता कुणाच्या डोक्यात आली नव्हती, माझ्याही नाही. औषध जालीम आहे, डोसही बरोबर आहे, पण ते गाठीच्या आत पोचतच नसेल तर?

या एका शंकेचा पाठलाग करण्यात एका माणसाने पन्नास वर्षं घालवली आहेत. नाव राकेश जैन. नावामागे डॉक्टर लागतं, पण ते पीएच.डी.चं. मूळ धंदा केमिकल इंजिनीअरिंग. आणि गाव? झाशीजवळचं ललितपूर.

झाशी म्हटलं की मराठी माणसाचा ऊर भरून येतो. नेवाळकरांची झाशी, राणी लक्ष्मीबाईची झाशी. विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’ वाचलेल्या माणसाला तर तिथले गल्लीबोळ ओळखीचे वाटतात. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने उत्तरेला निघालं की भोपाळ, बीना मागे पडतं आणि झाशीच्या आधी नव्वदेक किलोमीटरवर ललितपूर लागतं. खिडकीतून बघावं तर बुंदेलखंडाची दगडाळ, तहानलेली जमीन. जवळच बेतवेच्या काठी देवगड आहे. तिथलं गुप्तकाळातलं दशावतार मंदिर आणि डोंगरावरची जैन मंदिरं पाहायला जाणकार मंडळी वाट वाकडी करून जातात. बाकीचे झोपलेले असतात. मीही दोनदा झोपेतच ललितपूर ओलांडलंय.

राकेश जैन यांचा जन्म १९५० चा. ललितपुरातून ते कानपूरच्या आयआयटीत गेले आणि १९७२ साली केमिकल इंजिनीअर होऊन बाहेर पडले. त्या काळात केमिकल इंजिनीअरने काय करायचं हे ठरलेलं होतं. खताचा कारखाना, तेलशुद्धीकरण, नाहीतर सरळ अमेरिका. जैन अमेरिकेला गेले. डेलावेअर विद्यापीठ म्हणजे तर ड्यूपाँट कंपनीचं अंगण. तिथे त्यांना जेम्स वेई हे प्राध्यापक मिळाले. वेई मोबिल ऑइल कंपनीतून आलेले, उत्प्रेरकांच्या अभ्यासात नाव कमावलेले गृहस्थ. म्हणजे सगळा सरंजाम पेट्रोलियमचा होता. अशा ठिकाणी हा मुलगा कॅन्सरकडे वळला.

झालं असं, की वॉशिंग्टनजवळ बेथेस्डाला अमेरिकेची राष्ट्रीय कॅन्सर संस्था आहे. तिथे पिएत्रो गुलिनो नावाचे इटालियन वंशाचे संशोधक होते. त्यांनी उंदरांमध्ये एक विलक्षण कसबाचं काम साधलं होतं. गाठ अशी वाढवायची की तिला रक्त पुरवणारी धमनी एकच आणि रक्त बाहेर नेणारी नीलाही एकच. बाकी शरीराशी गाठीचा संबंध तोडलेला. डॉक्टरांना तो शस्त्रक्रियेचा चमत्कार वाटला असेल. केमिकल इंजिनीअरला त्यात वेगळंच दिसलं. एक पाइप आत, एक पाइप बाहेर, मधे टाकी! या शाखेत पहिल्या वर्षालाच हिशेब घोटून घेतात की आत आलेल्यातून बाहेर गेलेलं वजा केलं की उरतं ते टाकीत. आत येणाऱ्या रक्तात औषध किती, बाहेर पडणाऱ्या रक्तात किती, हे मोजलं की गाठीत किती मुरलं ते कळणार. मेथोट्रेक्सेट नावाच्या कॅन्सरच्या औषधाचा असा हिशेब जैन, वेई आणि गुलिनो या तिघांनी मिळून मांडला.

१९७६ मध्ये जैन यांना पीएच.डी. मिळाली. पुढे दोन वर्षं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि १९७८ पासून पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ते केमिकल इंजिनीअरिंगच शिकवत होते. एकीकडे वर्गात पंप आणि पाइप, दुसरीकडे प्रयोगशाळेत उंदीर. उंदराच्या पाठीच्या कातडीत, पुढे डोक्याच्या कवटीतसुद्धा, काचेची इवलीशी खिडकी बसवायची आणि जिवंत उंदराच्या गाठीत रक्त कसं वाहतं ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं, हे तंत्र त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी फार पुढे नेलं.

त्या खिडकीतून जे दिसलं ते असं होतं. निरोगी अवयवातल्या रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या असतात. मोठीतून मध्यम, मध्यमातून बारीक, आणि कुठलीच पेशी पाण्यावाचून राहू नये असं त्यांचं जाळं असतं. गाठीतल्या वाहिन्या म्हणजे परवानगी न घेता वाढलेल्या वस्तीतले नळ. कुठे फुगलेले, कुठे चिमटलेले, कुठे जाऊन बंद. एका भागात रक्ताचा चिखल, दुसऱ्या भागात थेंब नाही. आणि जागोजागी गळती. १९९८ मध्ये त्यांच्या गटाने ही भोकं मोजली. उंदरांतल्या बऱ्याच गाठींत ती ३८० ते ७८० नॅनोमीटर इतकी मोठी भरली. माणसाच्या केसाची जाडी घेऊन तिचे हजार भाग केले तर एक भाग साधारण शंभर नॅनोमीटरचा होईल. आपल्याला ते सूक्ष्म वाटतं, पण औषधाच्या कणाला एवढं भोक म्हणजे सताड उघडा दरवाजा.

तुम्ही म्हणाल, मग चांगलंच की! दरवाजे उघडे असतील तर औषध आपोआप आत जाईल. भल्याभल्यांना तसंच वाटत होतं. जपानमध्ये १९८६ साली हिरोशी माएदा आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं होतं की मोठे रेणू या भोकांतून गळून गाठीत साठतात. त्या भरवशावर जगभर सूक्ष्म कुप्या, चरबीचे फुगे, प्लॅस्टिकचे कण बनवण्याची शर्यत सुरू झाली. शरीरात चालणारे नवे पदार्थ घडवणाऱ्या केमिकल इंजिनीअरांना तर हे सोन्याचं अंडं वाटलं. डॉक्सिल हे त्यातलं गाजलेलं औषध अमेरिकेत १९९५ मध्ये बाजारात आलं. चरबीच्या सुमारे शंभर नॅनोमीटरच्या फुग्यात भरलेलं. हृदयाला होणारा त्रास त्याने कमी झाला हे खरं. पण गाठीवर जो चमत्कार व्हायला हवा होता तो झाला नाही.

का झाला नाही, हे समजायला जैन यांचा पाइपचा हिशेब उपयोगी पडतो. म्युनिसिपालटीचा पाइप जमिनीखाली फुटला की काय होतं? सुरुवातीला पाणी जोरात बाहेर येतं. आजूबाजूची माती भिजते. निचरा चांगला असेल तर पाणी वाहून जातं आणि गळती चालू राहते. पण निचराच तुंबलेला असेल तर माती पाण्याने ठासून भरते. एक वेळ अशी येते की मातीतल्या पाण्याचा दाब पाइपातल्या दाबाइतकाच होतो. मग भोक कितीही मोठं असो, पाणी बाहेर पडायचं थांबतं. गाठीत नेमकं हेच होतं. शरीरात पेशींमधलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या असतात. गाठीच्या आतल्या या वाहिन्या चेपून निकामी झालेल्या असतात. त्यामुळे निरोगी ठिकाणी पेशींमधला जो दाब शून्याच्या आसपास असतो, तो गाठीच्या गाभ्यात रक्तवाहिनीतल्या दाबाला जाऊन भिडतो. १९८९-९० च्या सुमारास जैन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे आधी गणितातून मांडलं आणि मग बारीक सुईने गाठीतला दाब मोजून दाखवलं. गाभ्यात दाब सगळीकडे सारखा, कडेला एकदम उतरलेला. म्हणजे औषध आत ओढलं जाणं दूरच, कडेचं पाणी उलटं बाहेर झिरपतं आणि जाताना औषधही घेऊन जातं.

१९९१ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने त्यांना बोलावलं. केमिकल इंजिनीअर आता गाठींच्या जीवशास्त्राचा प्राध्यापक झाला. आपल्याकडे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टेबल हलवायचं म्हटलं तर तीन वर्षं फाइल फिरते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

बोस्टनला जैन यांची गाठ पडली ती एका मोठ्या माणसाच्या मोठ्या कल्पनेशी. जूडा फोकमन हे तिथलेच सर्जन. गाठ वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या तोडा, गाठ उपाशी मरेल, असं त्यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं. सुरुवातीला लोक हसले. मग इतके मागे लागले की मे १९९८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर फोकमन यांच्या उंदरांची बातमी झळकली आणि एका कंपनीचे शेअर एका दिवसात आकाशाला भिडले. फोकमन बिचारे सांगत राहिले की तुम्ही उंदीर असाल तर आम्ही तुमचा कॅन्सर बरा करू. ऐकतं कोण!

सगळं जग नळ तोडायला निघालं असताना जैन यांनी विचारलं, नळच तोडले तर औषध जाणार कुठून? रेडिएशनला पेशीत ऑक्सिजन लागतो, तो कोण पोचवणार? आणि प्राणवायूवाचून राहिलेल्या गाठीतल्या पेशी मरण्याऐवजी आणखी आडदांड होतात, त्यांचं काय? २००१ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात त्यांनी उलटीच गोष्ट मांडली. रक्तवाहिन्या तोडणारी म्हणून जी औषधं बनली आहेत, ती बेताने वापरा. ती जास्तीच्या, वेड्यावाकड्या वाहिन्या छाटतील आणि उरलेल्यांची गळती बंद करतील. दाब उतरेल. काही दिवसांपुरती का होईना, गाठीत रक्त नीट फिरेल. त्या काही दिवसांत केमो द्या, रेडिएशन द्या. थोडक्यात, शत्रूचे नळ तोडण्याऐवजी दुरुस्त करा!

कॅन्सरच्या गाठीचा रक्तपुरवठा सुधारायचा, हे ऐकून डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या यात नवल नाही. आपण तरी काय केलं असतं? घरात शिरलेल्या चोराला जेवायला वाढा म्हणण्यासारखंच ते.

पण पुरावे यायला लागले. फेब्रुवारी २००४ मध्ये बेव्हॅसिझुमॅब, म्हणजे अव्हॅस्टिन, या पहिल्या नळतोड्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याचा पसरलेला कॅन्सर असलेल्या ८१३ रोग्यांवर त्याची चाचणी झाली होती. नुसत्या केमोवर असलेल्यांचं आयुष्य सरासरीने १५.६ महिने, केमो आणि हे औषध मिळालेल्यांचं २०.३ महिने. जैन यांचा युक्तिवाद असा, की हे औषध एकट्याने फारसं काही करत नाही, केमोबरोबर करतं. मग ते केमोला वाट करून देत असणार. त्याच वर्षी त्यांच्या हॉस्पिटलात गुदाशयाच्या कॅन्सरच्या सहा रोग्यांना या औषधाचा एकच डोस देऊन बारा दिवसांनी मोजमाप घेतलं. वाहिन्या कमी झाल्या होत्या, गाठीतला दाब उतरला होता, पण गाठ साखर मात्र पूर्वीइतकीच ओढत होती. नळ कमी, तरी पुरवठा तेवढाच. उरलेले नळ सुधारल्याशिवाय असं कसं होईल? सहा माणसं म्हणजे फार थोडी, हे कबूल. पण जिवंत माणसाच्या गाठीत हे पहिल्यांदा दिसलं होतं.

मला या सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट मात्र मरणाशी नाही, कानाशी निगडित आहे. एनएफ-टू नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात दोन्ही कानांच्या मज्जातंतूंवर गाठी वाढतात आणि तरुण वयातच माणूस बहिरा होत जातो. २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरलच्या डॉक्टरांनी अशा दहा रोग्यांना बेव्हॅसिझुमॅब दिलं. जैन आणि त्यांचे सहकारी त्यात होते. नऊ जणांच्या गाठी आकसल्या. ज्या सात जणांची श्रवणशक्ती मोजण्याजोगी होती, त्यातल्या चौघांना पहिल्यापेक्षा चांगलं ऐकू यायला लागलं. जे एकदा गेलं की गेलंच असं धरून चालले होते, ते परत आलं!

नव्या पदार्थांच्या बाजूनेही त्यांनी हिशेब पुरा केला. २०१२ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांत वेगवेगळ्या मापाचे कण सोडून बघितले. वाहिन्या दुरुस्त केल्यावर १२ नॅनोमीटरचे कण गाठीत खोल गेले, १२५ नॅनोमीटरचे तिथेच अडले. दुरुस्तीत भोकं बुजणार, तेव्हा मोठ्या कणांची वाट बंद होणार, हे ओघाने आलंच. अब्रॅक्सेन या औषधाचे कण रक्तात गेल्यावर सुटून दहाएक नॅनोमीटरचे होतात. त्याचा परिणाम वाढला. डॉक्सिलचा वाढला नाही. कण बनवणाऱ्यांनी आधी वाट मोजावी आणि मग गाडीची रुंदी ठरवावी, एवढी साधी गोष्ट, पण ती दाखवायला इतकी वर्षं लागली.

आता काकांच्या दुखण्याकडे येतो. स्वादुपिंडाच्या गाठीत अडचण निराळी. ही गाठ दगडासारखी घट्ट असते, कोलॅजेनच्या धाग्यांनी आवळलेली. तिथे वाहिन्या गळण्याआधीच चेपून बंद पडतात. हे धागे सैल करायला जैन यांच्या गटाने जे औषध निवडलं ते वाचून मी उडालोच. लोसार्टन! ब्लडप्रेशरची साधी, स्वस्त गोळी. काकूंच्या स्वतःच्या गोळ्यांच्या डब्यात ती होती. २०११ आणि २०१३ मध्ये उंदरांवर दिसलं की या गोळीने कोलॅजेन कमी होतं, दबलेल्या वाहिन्या उघडतात आणि औषध आत जातं. मग २०१९ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न होण्याजोगी गाठ असलेल्या ४९ रोग्यांना केमो आणि रेडिएशनबरोबर लोसार्टन दिलं. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची गाठ पुढे कडेला कॅन्सर न ठेवता काढता आली.

मात्र इथे हात जोडून एक सांगतो. कुणीही हे वाचून घरातल्या रोग्याला आपल्या मनाने ही गोळी देऊ नये. त्या चाचणीत तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय नेमकं गोळीचं की केमोचं, हे त्यातून ठरत नाही. आणि केमोने गळून गेलेल्या माणसाचं ब्लडप्रेशर आणखी उतरलं तर ते जिवावर बेतू शकतं.

अपयशंही आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी बेव्हॅसिझुमॅबला दिलेली मान्यता अमेरिकेने २०११ मध्ये काढून घेतली, कारण रोगी जास्त जगले नाहीत. मेंदूच्या सर्वांत वाईट गाठीवर २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. त्यातही आयुष्य वाढलं नव्हतं. जैन यांचं म्हणणं, ज्यांच्या गाठीत औषधामुळे रक्तप्रवाह सुधारतो तेच जास्त जगतात, सगळ्यांचा सुधारत नाही, म्हणून निवड करा आणि डोस बेताचा ठेवा. पटण्यासारखं आहे. पण निवड आधी कशी करायची, हे अजून रोजच्या व्यवहारात बसलेलं नाही. दुसरीकडे यकृताच्या कॅन्सरमध्ये २०२० साली याच बेव्हॅसिझुमॅबची इम्युनोथेरपीच्या औषधाशी जोडी जमली. वर्षभरानंतर या जोडीवरचे ६७ टक्के रोगी हयात होते, जुन्या औषधावरचे ५५ टक्के. ही करामत सगळी वाहिन्यांच्या दुरुस्तीची असं म्हणता येणार नाही, या औषधाचे इतरही परिणाम आहेत. पण गाठीत औषधाबरोबर शरीराचे रक्षकही पोचायला हवेत, हे जैन फार आधीपासून सांगत होते.

मानसन्मान म्हणाल तर वैद्यक, इंजिनीअरिंग आणि विज्ञान या अमेरिकेच्या तिन्ही राष्ट्रीय अकादमींनी त्यांना २००३, २००४ आणि २००९ मध्ये निवडून घेतलं. तिन्हींत जागा मिळालेली माणसं थोडीच. मे २०१६ मध्ये व्हाइट हाउसमध्ये ओबामांच्या हातून त्यांनी नॅशनल मेडल ऑफ सायन्स घेतलं. दोनशेहून जास्त विद्यार्थी आणि संशोधक त्यांच्या हाताखालून गेले.

काका गेले त्याला आता बराच काळ झाला. मध्यंतरी काकू पुन्हा जिन्यात भेटल्या. मी त्यांना ही सगळी कथा सांगितली. नळ, चिखल, दाब, लोसार्टनची गोळी. त्या पिशवी खाली ठेवून पायरीवर बसल्या आणि शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे त्यांच्या पथ्याचं काही नव्हतं?’

‘नव्हतं, काकू.’

‘आणि औषध आत पोचलं होतं का ते?’

ते कुणी मोजलं नव्हतं. कुठलं औषध, किती मिलिग्रॅम, किती वाजता दिलं, हे सगळं त्यांच्या फाइलमध्ये होतं. गाठीत किती गेलं याचा रकानाच त्यात नव्हता.